काच रंग पीत नाही

मी पहिल्यांदा हळदीकुंकवाला स्वतः रंगवलेल्या काचेच्या वाट्या वाण म्हणून दिल्या, त्या वर्षी रथसप्तमीच्या आतच एका काकूंचा फोन आला. "वाटी फार गोड आहे गं, पण तुझं कमळ आमच्या मोरीत गेलं." काकूंनी वाटी सवयीप्रमाणे गरम पाण्यात घातली, घासणीचा एक हात फिरवला आणि अख्खं कमळ सालीसारखं एका तुकड्यात सुटून आलं. रंग चांगल्या कंपनीचा होता. रेषाही बऱ्या होत्या. चूक झाली होती रंगाला हात लावायच्या आधी, आणि उरलेली रंग लावून झाल्यावर.

भिंत रंग पिते, कागद पितो, लाकूड तर विचारूच नका. काच एक थेंब पीत नाही. तिच्यावर लावलेला रंग म्हणजे वर पसरलेलं एक पातळ कातडं असतं, आणि ते काचेला किती घट्ट धरून बसेल हे दोनच गोष्टींवर अवलंबून असतं: काच किती स्वच्छ होती, आणि रंग पक्का व्हायला तुम्ही किती थांबलात. मधल्या चित्राची सगळ्यांना धास्ती वाटते, पण ते त्यामानाने सोपं. ज्यांना मेंदीचा कोन धरता येतो किंवा रांगोळीची रेघ ओढता येते, त्यांचं अर्धं शिक्षण आधीच झालेलं आहे.

इंदुरात पाहुणे आले की आपण त्यांना इतवारियातलं काच मंदिर दाखवायला नेतो. शेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे जैन मंदिर आतून भिंती, खांब, छत असं सगळं काचेने मढवलेलं आहे. रंगीत काच इतकी वर्षं टिकते, कारण तिचा रंग वर लावलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची ऑक्साइडं घालतात. कोबाल्ट घातलं की गर्द निळी काच होते. दुसरा प्रकार भट्टीतल्या मुलाम्याचा. त्यात काचेचीच रंगीत पूड काचेवर लावून साधारण ५५० ते ६०० अंशांना वितळवून बसवतात. आपल्या घरचा ओटीजी, म्हणजे केक-टोस्टचा छोटा विजेचा ओव्हन, २५० च्या वर जात नाही. म्हणजे आपण घरी जे करतो ते या दोन्हींतलं नाही, तिसरंच आहे. हे एकदा मनाशी पक्कं असलं की पुढे कुणी "कायमचा पक्का रंग" म्हणून बाटली पुढे केली तरी आपण फसत नाही.

आधी ठरवा: बघायची की धुवायची?

दुकानात जायच्या आधी वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा, ही रोज धुतली जाणार का? दिव्याची बरणी, फुलदाणी, मनीप्लांटची बाटली, देव्हाऱ्याजवळचा निरांजनाचा ग्लास या बघायच्या वस्तू. यांना कुठलाही ग्लास कलर चालतो. सरबताचे ग्लास, चिवड्याच्या वाट्या, मुखवासाची बरणी या धुवायच्या वस्तू. यांना भाजून पक्का होणारा रंगच हवा.

खाण्यापिण्याच्या भांड्याचा एक नियम मात्र मोडू नका. रंग फक्त बाहेरून लावायचा, आणि काठापासून निदान २ सेंटीमीटर काच कोरी सोडायची, कारण तिथे ओठ लागतात. आतून रंगवलेली वाटी सुंदर दिसते हे मलाही माहीत आहे, पण तिच्यात शेव-चिवडा वाढायचा नाही. ताटली रंगवायची असेल तर ती मागच्या बाजूने रंगवा, म्हणजे चित्र काचेतून दिसतं आणि खाणं कोऱ्या बाजूवर राहतं. फक्त मागून रंगवताना क्रम उलटा होतो. डोळ्यातलं बुबुळ आधी, मग डोळा, मग चेहरा आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी या भानगडीत पडू नये असं माझं मत.

रंगांची तीन घराणी

राजवाड्याच्या आसपास किंवा खजुरी बाजारात स्टेशनरीवाल्याकडे "ग्लास कलर" मागितलात तर तो जे हाताला लागेल ते देतो. मला एका भियाने "ले जाओ दीदी, काच पे सब चलता है" म्हणत कापडाचे रंग दिले होते, आणि मीही आणले. लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिलं घराणं सॉल्व्हंट बेस्ड. हे रंग पारदर्शक, झगझगीत, अगदी रंगीत खिडकीच्या काचेसारखे. वास उग्र असतो, ब्रश थिनरने किंवा टर्पेंटाईननेच निघतो, आणि ओले असताना ते पेट घेऊ शकतात. म्हणून खिडकी उघडी हवी आणि गॅस, समई, उदबत्ती काहीही जवळ नको. दुसरं घराणं वॉटर बेस्ड. याला वास जवळजवळ नसतो, ब्रश पाण्याने धुता येतो, घरात लहान मुलं असली तर हेच घ्यावं. हे रंग ओले असताना दुधाळ दिसतात. नवशिके इथे घाबरतात आणि आणखी रंग ओततात. थांबा, वाळला की तो आपोआप पारदर्शक होतो. ही दोन्ही घराणी बघायच्या वस्तूंसाठी.

तिसरं घराणं म्हणजे भाजायचे रंग, काचेसाठीचे किंवा चिनीमातीसाठीचे. फ्रेंच कंपनी पेबेओच्या रंगांच्या नावातच तापमान असतं: विट्रिया १६० हा काचेचा रंग १६० अंशांवर ४० मिनिटं, पोर्सलेन १५० हा १५० अंशांवर ३५ मिनिटं. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तर तिच्या बाटलीवरचे आकडे पाळा, माझे नव्हे. काही इनॅमल रंग न भाजताही पक्के होतात, पण त्यासाठी बहुधा २१ दिवस सांगितलेले असतात. एकवीस म्हणजे एकवीस.

सुरुवातीला डझनभर बाटल्यांचा सेट घेण्याची हौस आवरा. लाल, पिवळा, निळा आणि एक पांढरा, सोबत काळ्या किंवा सोनेरी लायनरची (चित्राची कड काढायच्या घट्ट रंगाची) एक ट्यूब, इतकं पुरतं. हिरवा, केशरी, जांभळा घरी मिसळता येतात. पांढरा मिसळला की पारदर्शकपणा जातो एवढं लक्षात ठेवा. आणि एका घराण्याचा रंग दुसऱ्या घराण्यात कधीच मिसळायचा नाही. त्याचा दह्यासारखा फुटलेला गोळा होतो.

काच कुठली?

रंगवायला विकत आणू नका. जॅमच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या प्रत्येक घरात अटालेवाल्याची, म्हणजे भंगारवाल्याची, वाट बघत पडलेल्या असतात. पहिल्या चार-पाच वस्तू त्यातल्याच असाव्यात, म्हणजे बिघडल्या तर जीव जळत नाही. सरळ उभ्या बाजूंची बरणी सगळ्यात सोपी. खाली निमुळता होणारा ग्लास त्याहून अवघड, आणि गोल पोटाची वाटी सगळ्यात त्रासाची. नक्षी कोरलेली किंवा खडबडीत काच नको, लायनर तिथे अडखळतो. भाजायचं असेल तर तडा गेलेली, टवका उडालेली काच बाजूला ठेवा. ती ओव्हनमध्ये दगा देतेच.

धुणं, आणि परत धुणं

इथे माझी पहिली वर्षं वाया गेली, म्हणून जरा रेंगाळते.

लेबल असेल तर बरणी तासभर कोमट पाण्यात ठेवा. कागद निघतो, चिकट डिंक राहतो. त्यावर खाण्याच्या तेलात खाण्याचा सोडा कालवून लावा, पंधरा मिनिटांनी बोटाने चोळा. डिंक तेलात सुटतो, आणि मग साबणाने तेल काढायचं. तेल काढायचं हेच लोक विसरतात. भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा. नंतर नळाखाली धरून बघा. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावरून सलग पडद्यासारखं उतरतं. थेंब थेंब होऊन जागा सोडत असेल, तर तिथे अजून तेलाचा हात आहे. परत धुवा. या एका परीक्षेने माझे जितके रंग वाचलेत, तितके कुठल्याही महागड्या बाटलीने वाचवले नसतील.

शेवटचं खंगाळणं जमलं तर नर्मदेच्या, म्हणजे इंदुरात नळाला येणाऱ्या पाण्याने करा. बोअरिंगचं पाणी जड असतं, ते वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात आणि पारदर्शक रंगाखाली ते साफ दिसतात. घरात बोअरिंगच येत असेल तर व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसा. पुसायला टॉवेल नको, त्याचे धागे चिकटतात. जुन्या, खूप धुतलेल्या सुती साडीचा तुकडा हा जगातला सगळ्यात चांगला काचपुसणा आहे.

मग औषधाच्या दुकानातून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन रंगवायचा सगळा भाग पुसा आणि उडू द्या. यानंतर काचेला बाहेरून बोट लावायचं नाही. आपल्या बोटाला तेल असतं, नुकतीच वेणी घातली असेल तर जास्तच. ग्लास असेल तर आत दोन बोटं घालून आतून धरा. बाटली असेल तर तोंडात फडकं गुंडाळलेलं लाकडी उलथणं खुपसा आणि त्याच्यावर फिरवा. हळदीकुंकवाच्या त्या कमळाखाली माझ्याच अंगठ्याचा ठसा होता, असा माझा पक्का संशय आहे.

चित्र आत, रंग बाहेर

काच आरपार दिसते हा तिचा उपकार. चित्र कागदावर काढा, कागद आतून टेपने चिकटवा आणि बाहेरून गिरवा. छापे, कार्बन काही लागत नाही. बाटलीचं तोंड अरुंद असेल तर कागदाची सुरळी करून आत सोडा, आत गेल्यावर ती उलगडते. मग बाटलीत तांदूळ भरा, म्हणजे कागद काचेला चिकटून बसतो. आमच्याकडे एकदा घाईत पोहे भरले होते. चालतात, पण बाहेर काढताना भुसा होतो, आणि इंदुरात पोह्यांची अशी नासाडी केल्याबद्दल सासूबाईंनी दिवसभर ऐकवलं.

निमुळत्या ग्लासाला सरळ पट्टी बसत नाही. ग्लासाभोवती कागद घट्ट गुंडाळा, टेप लावा, वरच्या आणि खालच्या काठाने कापा आणि उघडा. कागद कमानीसारखा वाकडा निघेल. त्या कमानीवरच नक्षी काढायची. घेराचे समान आठ भाग हवे असतील तर घेराइतकी कागदाची पट्टी घ्या आणि तीनदा दुमडा, घड्या पडतात तिथे खुणा. आडवी रेघ सरळ यावी म्हणून माझी एक युक्ती: पुस्तकांची थप्पी रचा, वर स्केचपेन आडवं ठेवून एका हाताने दाबून धरा, आणि पेन न हलवता ग्लास फिरवा. रेघ अगदी पातळीत येते, नंतर ओल्या कापसाने पुसता येते.

पहिलं चित्र कुठलं? कमळ नको, मोर तर मुळीच नको. आपल्या कपाटात उत्तर घडी करून ठेवलेलं आहे: महेश्वरी साडीचा काठ. चटाई, ईंट, हिरा, लहर ही त्या काठांची विणकरांच्या तोंडची नावं. हे नमुने महेश्वरच्या किल्ल्यातल्या कोरीवकामावरून आले असं मानतात. अहिल्याबाईंची राजधानी तिथे होती, आणि इंदूरच्या मराठी घरात एक तरी महेश्वरी असतेच. रंगवायच्या दृष्टीने हे काठ नवशिक्यासाठीच केल्यासारखे आहेत. छोटे बंद चौकोन, सरळ रेघा, आणि एक चौकोन चुकला तरी रांगेत खपून जातो. ईंट आधी, मग चटाई. लहर शेवटी.

लायनर

लायनर म्हणजे रंगाला अडवणारा बांध. बांधात फट राहिली की रंग शेजारच्या शेतात. मेंदीचा कोन धरता तशीच ट्यूब धरायची, फरक इतकाच की टोक काचेला घासायचं नाही. किंचित वर उचलून धरायचं आणि लायनरची तार खाली पडू द्यायची. टोक टेकलं की रेघ फुटते आणि कडेला साठते. प्रत्येक वेळी सुरुवात आधी रद्दी कागदावर करा, म्हणजे नळीत अडकलेला हवेचा फुगा तिथेच फुटतो. हात थरथरत असेल तर करंगळी टेबलावर टेकवा. रेघ संपवताना दाब आधी सोडायचा, मग हात उचलायचा, नाहीतर शेपूट राहते.

रेघ वाकडी गेली तर लगेच ओल्या इअरबडने पुसा. वाळल्यावर लक्षात आलं तर टूथपिकने किंवा ब्लेडच्या टोकाने हळूच खरवडून घ्या. अर्धवट वाळलेल्या रेघेच्या नादी लागू नका, ती सगळीकडे फासली जाते. लायनर पूर्ण वाळायला काही तास द्या. डिसेंबरच्या इंदुरी थंडीत मी रात्रभर ठेवते. सोनेरी, रुपेरी लायनरला जास्तच वेळ लागतो.

रंग भरणं

बाटली हलवायची नाही. औषधासारखी हलवली की हजार बुडबुडे होतात आणि एकेक जाऊन काचेवर बसतो. तळहातांमध्ये धरून रवीसारखी हळूहळू घुसळा आणि पाच मिनिटं ठेवून द्या.

काच उभी ठेवून रंग भरलात तर तो ओघळणारच. म्हणून बरणी आडवी करायची. जुन्या टॉवेलच्या दोन चुंबळी करा आणि त्यांच्यावर ती अशी ठेवा की रंगवायचा चौकोन अगदी वर, सपाट येईल. ब्रशने रंग फासायचा नाही. ब्रशवर थेंब घ्या, चौकोनाच्या मध्ये सोडा, आणि टोकाने कडेपर्यंत ढकलत न्या. पारदर्शक रंग थोडा भरगच्च असला की वाळल्यावर सपाट बसतो. कंजूषपणाने ओढला तर ब्रशच्या रेघा राहतात. पण चौकोनाच्या बांधावर चढेल इतकाही नको. बुडबुडा दिसला की सुईने फोडा, ओला असतानाच. अर्धवट वाळलेल्या जागी "जरा सारखं करू" म्हणून ब्रश लावलात तर साय ओढल्यासारखा सगळा थर सुरकुततो. ते "जरा" टाळता आलं की तुम्ही नवशिके राहिला नाहीत.

वर आलेला भाग झाला की थांबायचं. रंग हलेनासा झाला की बरणी थोडी फिरवायची आणि पुढचा भाग. एका बरणीला पूर्ण फेरी मारायला अख्खी दुपार जाते, त्यात खोटं सांगून उपयोग नाही. म्हणून मी चार बरण्या एकदम काढते आणि स्वयंपाक करता करता फेऱ्या मारते. पावसाळ्यात हे काम करू नये. हवा दमट असली की वॉटर बेस्ड रंग दिवसेंदिवस दुधाळच राहतो. रंग घट्ट वाटला तर त्याच कंपनीचं मीडियम किंवा थिनर घाला. वॉटर बेस्डमध्ये पाणी घातलं तर फार थोडं, कारण जास्त पाण्याने रंगाला धरून ठेवणारा चिकटपणाच विरतो.

भाजायच्या रंगांची रीत वेगळी. त्यांतले काही अपारदर्शक असतात, काही पारदर्शक. अपारदर्शक रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या, मध्ये वाळवून.

इतकं सगळं वाचून दम लागला असेल तर पहिल्या रविवारी स्पंजने सुरुवात करा. बरणीवर मास्किंग टेपचे पट्टे लावा, कडा नखाने दाबून बसवा. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवा, जास्तीचा रंग कागदावर झटका, आणि मधल्या मोकळ्या जागेवर थापत जा. टेप रंग पूर्ण वाळायच्या आत, चिकट असतानाच, तिरपी ओढून काढा. लायनर नाही, ओघळ नाही, आणि आत दिवा लावला की बर्फासारखी धुरकट काच उजळते. ठिपक्यांचंही तसंच. इअरबड, विणायची सुई, ब्रशची उलटी बाजू, प्रत्येकाचा ठिपका वेगळा. रांगोळीचे ठिपके काढणाऱ्या बायकांच्या हाताला अंतर आपोआप कळतं.

आत खरी पणती लावणार असाल तर बरणी रुंद तोंडाची घ्या, तळाला वाळू घाला आणि ज्योत काचेपासून लांब ठेवा. एकाच बाजूने तापली की काच तडकते. सॉल्व्हंट बेस्ड रंगाच्या बरणीत मी बॅटरीचाच दिवा ठेवते.

भाजणं

रंगवलेली वस्तू भाजायच्या आधी पूर्ण २४ तास वाळू द्या. ओलावा राहिला तर उष्णतेने रंगाला फोड येतात. मायक्रोवेव्ह चालणार नाही. सोनेरी रंगात धातूचे कण असले तर ठिणग्या उडतात, आणि तशीही तिथे सगळीकडे सारखी उष्णता मिळत नाही. ओटीजी हवा.

वस्तू थंड ओटीजीमध्ये ठेवायची, मग तो चालू करायचा. केकसारखा आधी तापवायचा नाही. साध्या काचेला तापमानाचा झटका सोसत नाही: बाहेरचा भाग प्रसरण पावतो, आतला मागे राहतो आणि ओढाताणीत ती फुटते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच त्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती झटका सहन करते. आपल्या जॅमच्या बरणीकडून ती अपेक्षा नको. ठरलेलं तापमान आल्यावर वेळ मोजायला लागा. ३५ मिनिटं म्हणजे १५० अंशांवरची ३५, बटण फिरवल्यापासूनची नव्हे. वस्तू वरच्या सळईला चिकटून नको, नाहीतर पांढरा पिवळट होतो आणि पिवळा तपकिरी. वेळ झाली की बंद करा आणि दार न उघडता तशीच आत गार होऊ द्या. मी संध्याकाळी भाजते आणि सकाळी चहाच्या वेळी काढते, मधे कुणी टोस्ट मागितला तरी.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांचं फारसं पटत नाही. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर मिळाला तर घ्या. नाहीतर आधी एका टाकाऊ बरणीवर तोच रंग लावून भाजून बघा. गार झाल्यावर नखाने खरवडा, सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढा. टेपवर रंग आला तर कुठेतरी कमी पडलं: धुण्यात, वाळवण्यात किंवा भाजण्यात. बहुतेक वेळा धुण्यातच.

संक्रांतीचं उलटं गणित

वाणासाठी करणार असाल तर मागून मोजा. १४ जानेवारीला संक्रांत. न भाजता पक्का होणारा रंग असेल तर २१ दिवस मागे या, म्हणजे २४ डिसेंबरला शेवटचा ठिपका पडलेला हवा. त्याआधी रंगवायला एक आठवडा, त्याआधी धुणं आणि लेबलं. डिसेंबर लागला की बरण्या गोळा करायला लागलेलं बरं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणून थोडी सवलत आहे, पण पहिला मान ज्यांना द्यायचा त्या पहिल्याच दिवशी येतात. भाजणाऱ्यांना इतकं मागे जावं लागत नाही. मात्र लहान ओटीजीत एका वेळी चार वाट्या मावतात, आणि पंचवीस वाट्यांना किती रात्री लागतील ते ज्याचं त्यानं बघावं. हव्यात त्यापेक्षा तीन-चार जास्त करा.

उरलेला रंग आणि थिनर मोरीत ओतू नका. ब्रश आधी रद्दीला पुसा, मग धुवा. थिनर झाकणाच्या बाटलीत ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं. सुकलेल्या रंगाच्या बाटल्या आणि रंगाने माखलेला कापूस कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाकायचे. सहा प्रकारचा कचरा वेगळा करायची सवय असलेल्या शहराला हे काही नव्याने सांगायला नको.

देताना प्रत्येक वाटीसोबत एक चिठ्ठी ठेवा. माझ्या चिठ्ठीवर असतं: "कोमट पाण्यात, मऊ स्पंजने, हाताने धुवावी. तारेची घासणी नको, भिजत घालू नये. आतून रंग नाही, खायला वापरता येईल." कमळवाल्या काकूंना दोन वर्षांनी मी ईंट-काठाची वाटी दिली, व्यवस्थित भाजलेली, चिठ्ठीसकट. परवा त्यांच्याकडे गेले तर ती शोकेसमध्ये, चिठ्ठी अजून आतच. म्हटलं, काकू, वापरत का नाही? म्हणाल्या, "अगं, एवढे नियम वाचले आणि हात लावायची हिंमतच झाली नाही."